आकड्याचं गाव कुठलं?

एक्सेलची फाइल उघडली की कधीकधी ती विचारते, "यात बाहेरच्या फायलींच्या लिंक्स आहेत, अपडेट करू का?" आपण "नको" म्हणतो आणि कामाला लागतो. वर्षानुवर्षं! मला वाटतं, हा प्रश्न इतक्या सहज उडवून लावू नये. इथला एखादा आकडा इथला नाही, दुसरीकडून आलाय, एवढंच ती बिचारी सांगत असते. तो कुठून आला हे बघायचं सोडून आपण तिलाच गप्प बसवतो.

आमच्या सोसायटीचंच बघा. सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर आकारायचा असतो, जमिनीची किंमत सोडून, वर्षाला किमान पाव टक्का. आमच्या शीटमध्ये हा बांधकाम खर्च दिसत होता, पण तो कुणी टाइप केलेला नव्हता. आधीच्या खजिनदारकाकांच्या लॅपटॉपवर "फायनल नवीन २" नावाची फाइल होती, तिच्यातून तो येत होता. काका मुलीकडे नागपूरला राहायला गेले, लॅपटॉप भंगारात गेला. एक्सेल मात्र शेवटचा लक्षात असलेला आकडा इमानेइतबारे दाखवत राहिलं आणि त्यावर घरोघरी बिलं जात राहिली. आकडा चुकीचा होता असं नाही हो. तो बरोबर की चूक, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. लोकांच्या खिशातून पैसे जात असताना हे काही बरं नाही.

मग शोधाशोध. ज्यांना कधी करावी लागेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डेटा टॅबमध्ये "एडिट लिंक्स" असतं (नव्या एक्सेलमध्ये त्याचं नाव "वर्कबुक लिंक्स"). तिथे कुठल्या फाइलशी जोडणी आहे ते कळतं, पण ती नेमकी कुठल्या सेलमध्ये बसलीय ते कळेलच असं नाही. त्यासाठी "फाइंड"मध्ये डॉट एक्सएल लिहून, अख्ख्या वर्कबुकच्या फॉर्म्युल्यांत शोधायचं. नुसता चौकोनी कंसही शोधता येतो, पण टेबलांच्या फॉर्म्युल्यांतही तो असतो, त्यामुळे भलतंच काहीबाही सापडतं.

तरी सापडली नाही तर? मग कंट्रोल आणि एफ३ दाबून नेम मॅनेजर उघडा. दुसऱ्या फाइलमधून एखादी शीट कॉपी केली की तिथली नावंही बिनबोभाट सोबत येतात. शिवाय कंडिशनल फॉरमॅटिंग, ड्रॉपडाउनच्या याद्या, चार्ट आणि पिव्हट टेबल या लपायच्या आवडत्या जागा. डेटाबेसच्या जोडण्या आणखी वेगळ्या, त्या "क्वेरीज अँड कनेक्शन्स"मध्ये दिसतात.

आणि शेवटचा उपाय. एक्सेल २००७ पासूनची एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे मुळात एक झिप गाठोडं आहे. फाइलची एक प्रत काढायची, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करायचं आणि उघडायची. आत एक्सएल फोल्डरमध्ये "एक्स्टर्नल लिंक्स" नावाचं फोल्डर असलं की चोर सापडला! मूळ फाइलचा पत्ता तिथे असतो, आणि बऱ्याचदा तिच्यातून उचललेले आकडेही. म्हणजे आपण एकच फाइल मेल केली असं समजतो, आणि दुसरीचा तुकडा पदराला बांधून जातो. पगाराच्या शीटशी जोडलेली फाइल पाठवण्याआधी एवढं जरूर आठवा.

आता माझं खरं म्हणणं. लिंक सापडल्यावर नव्वद टक्के लोक "ब्रेक लिंक" दाबून मोकळे होतात. माझा त्यालाच विरोध आहे. तसं केलं की फॉर्म्युल्याच्या जागी नुसता आकडा उरतो, आणि ते अनडू करता येत नाही. संदेश बंद होतो, पण त्याबरोबर आकड्याचा मागही पुसला जातो. आधी निदान फाइलचं नाव तरी होतं!

हाताने पेस्ट केलेला आकडा जास्त सुरक्षित असतो, हाही भ्रमच. २०१२ मध्ये जेपीमॉर्गन बँकेला एका सौदेबाजीत सहा अब्ज डॉलरहून जास्त फटका बसला. त्यामागे कारणं अनेक होती. पण २०१३ च्या त्यांच्याच अहवालात नोंद आहे की, जोखीम मोजायचं त्यांचं एक मॉडेल एक्सेलच्या शीट्सवर चालायचं आणि एका शीटमधले आकडे दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट केले जायचे. तिथे लिंक नव्हती, म्हणून काय भलं झालं?

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव बदललं की फेरफार क्रमांक पडतो. जमीन विकत आली, वारसाने आली की वाटणीत आली, हे त्या क्रमांकावरून मागे जाऊन बघता येतं. शीटमधल्या आकड्याला एवढा मान द्यायला काय हरकत आहे? फाइलमध्ये एक पान ठेवा: कुठला आकडा, कुणाच्या फाइलमधून किंवा कागदावरून, कुठल्या तारखेला घेतला. ते लिहून झालं की मग खुशाल तोडा लिंक.

आम्ही तेच केलं. काकांना नागपूरला फोन लावला. ते म्हणाले, "अगं, तो आर्किटेक्टच्या दाखल्यातला आकडा आहे. ऑफिसातल्या हिरव्या फाइलमध्ये बघ." दाखला मिळाला, आकडा ताडून पाहिला, तारखेसह नोंदवला. काका फोनवर भेटले म्हणून बरं. प्रत्येक वेळी काका भेटतीलच असं नाही.