हिंगाचे फूल

हिंगाची डबी घरोघरी असते. त्याचे फूल मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. आपल्याकडे येणारा बहुतेक हिंग अफगाणिस्तान आणि इराणचा. तिथल्या कोरड्या, दगडाळ उतारांवर तो रानात फुलतो.

तो ओळखायचा कसा? कोथिंबीर फुलावर आली की शेंड्याला छत्रीसारखा तुरा येतो. हिंगाचाही तसाच, कारण दोन्ही गाजराच्या कुळातली. पण हिंगाची फुले पिवळी, दांडा जाडजूड, माणसाच्या उंचीचा आणि वास उग्र. नुसत्या छत्रीवर मात्र विसंबू नये. पांढऱ्या फुलांचे, दांड्यावर जांभळे ठिपके असलेले जीवघेणे हेमलॉकही याच कुळातले. म्हणून अनोळखी रानफूल तोंडात घालू नये, हे आपण मुलांना जरूर सांगावे.

हिंगाचे झाड कित्येक वर्षे वाढते, एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. चीक काढतात तो फुलण्याआधी, मुळाला चिरा देऊन. म्हणजे फुललेले झाड हे सुरीतून वाचलेले झाड. अशी काही झाडे राखली, तरच पुढच्या पिढीच्या फोडणीला हिंग मिळेल, असे आम्हाला वाटते.