विजय आणि निःशस्त्र

दरवर्षीं १७ सप्टेंबर उजाडला म्हणजे आमच्या नांदेडांत ध्वज फडकतो, हुतात्म्यांस अभिवादन होतें, आणि वक्ते निजामी राजवटीच्या अंताची कथा सांगतात. तें सर्व यथायोग्यच आहे. १९४६ सालीं अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. रझाकारांनीं पुढें गांवें लुटलीं, जाळलीं, निरपराध माणसें मारलीं. हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें या विषयावर बोलूंच नये. परंतु आमचे वक्ते नेमके सतरा तारखेस थांबतात; अठरा तारखेपासून पुढें काय घडलें याविषयीं ते ब्र काढीत नाहींत. आमचा वाद या मौनाशीं आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें, आणि पांच दिवसांच्या आंत लढाई संपली. त्यानंतर जें घडलें तें पाहण्यास पंतप्रधान नेहरू यांच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानांत हिंडले. त्यांचा अहवाल कित्येक दशकें दडून राहिला. त्यांत मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला असून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांची अवस्था सर्वांत वाईट म्हटली आहे. त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत असलेल्या लातूर शहरीं हत्याकांड वीस दिवसांहून अधिक चाललें, असें तो अहवाल सांगतो. लढाई पांच दिवसांची, आणि कत्तल वीस दिवसांची! विजयानंतर झालेल्या या वधास युद्धाची अपरिहार्यता तरी कशी म्हणावी?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ही रझाकारी अत्याचारांची प्रतिक्रिया होती. आम्ही विचारतों, प्रतिक्रिया कोणावर? रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरास वकिली करणारा. त्याला अटक झाली, न्यायालयापुढें उभें केलें गेलें, शिक्षा झाली, आणि १९५७ सालीं सुटून तो पाकिस्तानांत गेला. म्होरक्यास कायदा लाभला. त्याच्या गांवच्या व्यापाऱ्यांस व मजुरांस मात्र जमावाची तलवार लाभली. हा कोठला न्याय? भारतांत विलीन व्हावें असें लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांस ऑगस्ट १९४८ मध्यें रझाकारांनींच ठार केलें. मुसलमान तितका रझाकार, हें समीकरण त्या एका नांवानेंच खोटें ठरतें.

दुसरा आक्षेप असा कीं, हें बोलणें म्हणजे सैन्यास कलंक लावणें होय. आम्हांस हें मुळींच मान्य नाहीं. अहवालानें सैन्याच्या सर्वसाधारण शिस्तीची वाखाणणी केली आहे, आणि कांहीं ठिकाणीं सैनिक व पोलीस लुटींत सामील झाले हेंहि स्पष्ट नोंदविलें आहे. शेजाऱ्यांस जिवावर उदार होऊन वांचविणाऱ्या हिंदूंचीहि त्यांत नोंद आहे. ज्यांनीं शिस्त पाळली त्यांचा मान राखावयाचा, तर ज्यांनीं ती मोडली त्यांस वेगळें काढलेंच पाहिजे. शिवछत्रपतींनीं चिपळूणकडील लष्करास लिहिलेल्या पत्रांत रयतेच्या भाजीपाल्यासहि हात लावूं नये, अशी ताकीद आहे. आपल्या सैन्याचे दोष सांगणें हा जर कलंक, तर महाराजांनींच तो लावला म्हणावें काय?

संयम म्हणजे निःशस्त्रावर आपण गोळी न झाडणें, एवढाच अर्थ नव्हे. ज्यानें जुनी सत्ता मोडली, त्याच्यावर त्या क्षणापासून तिच्या प्रजेच्या रक्षणाचें ओझें येतें. पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट १९४९ मध्यें, जिनेव्हा येथील करारांनीं देशांतर्गत संघर्षांतहि निःशस्त्रांशीं माणुसकीनें वागण्याचें बंधन घातलें. परंतु तें जगानें लिहून देईपर्यंत आपणांस ठाऊक नव्हतें, असें कोण म्हणेल?

म्हणून आमचें मागणें इतकेंच. सतरा सप्टेंबरच्या सभेंत हुतात्म्यांच्या नांवांबरोबर या मृतांचाहि उल्लेख व्हावा, आणि आमच्या महाविद्यालयांत मुक्तिसंग्रामाच्या इतर साधनांशेजारीं सुंदरलाल अहवालहि वाचला जावा. त्यानें मुक्तीचें मोल उणें होणार नाहीं. उणें होतें तें, ती मुक्ती सर्वांची होती असें सांगून कांहींचे प्रेत झांकल्यानें.