माल आमचा, नाव दुसऱ्याचे

मालेगावचे कापड परदेशात जात नाही, असे म्हणणे चुकीचे आहे. ते जाते. आमच्या मागावरचे ग्रे कापड दलालामार्फत पाली, बालोतरा, भिवंडीला जाते. तेथे धुलाई, रंगाई, छपाई होते आणि त्यातील काही माल पुढे जहाजावर चढतो. फक्त त्या गाठीवर मालेगावचे नाव नसते आणि वरचा नफाही मालेगावात येत नाही.

दोष कोणाचा? सरकारचा थोडा, आमचा जास्त. निर्यात म्हणजे बड्या शेठ लोकांचे काम, हा समज आम्हीच धरून बसलो. वास्तविक आयात-निर्यात क्रमांक आज पॅनकार्डावर, घरबसल्या, 500 रुपये फीमध्ये मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती ताजी करावी, नाहीतर तो बंद पडतो. यंत्रमाग कापडाच्या निर्यातीसाठी 1995 साली पीडेक्सिल ही वेगळी परिषद निघाली. पैसे बुडण्याच्या भीतीवर ईसीजीसीचा विमा आहे. 1 मे 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीशी करार लागू आहे. मालाच्या उगमाचा दाखला जोडला की बहुतेक भारतीय कापडावरची तेथील 5 टक्के जकात माफ होते.

दरवाजे उघडे आहेत. मग अडते कुठे? मोजमापात आणि कागदात.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आखातातील एका व्यापाऱ्याला आमचा नमुना पसंत पडला, ऑर्डर आली. आम्ही चार कारखान्यांतून माल गोळा केला. कोणाचा पन्हा अर्धा इंच कमी, कोणाचे पिक कमी. माल पोहोचल्यावर त्याने दर कापला. त्यात लेटर ऑफ क्रेडिटमधील कापडाचे वर्णन आणि आमचे बिल यांत एका शब्दाचा फरक निघाला. बँकेने कागद अडवले, पैसे दोन महिन्यांनी आले. सूत उधारीचे होते. व्याज आम्ही भरले. त्या ग्राहकाने पुन्हा विचारले नाही. चूक आमची होती, पण ती वेळेवर दाखवणारा गावात कोणी नव्हता.

म्हणून आमची सूचना अशी. मागवाल्यांच्या संघटनांनी मिळून एक निर्यात मदत केंद्र काढावे. इमारत नको, एक खोली पुरे. लेटर ऑफ क्रेडिट, ड्रॉबॅक आणि जीएसटीचे हमीपत्र समजणारा एक माणूस पगारावर ठेवावा. शेजारी तपासणीचे टेबल असावे. पन्हा, रीड-पिक आणि वजन मोजल्याशिवाय एकही तागा गाठीत जाऊ नये. अरबी लिहिता-वाचता येणारे तरुण आमच्या गावात पुष्कळ आहेत. आखातातील पत्रव्यवहार त्यांच्याकडे द्यावा. परदेशी प्रदर्शनात दहा जणांनी मिळून एक स्टॉल घ्यावा. खर्चासाठी दर मागामागे वर्गणी ठरवावी.

काही बांधव म्हणतील, आमचा ग्राहक शेजारी पळवेल. ही भीती खोटी नाही. पण आज आमच्याकडे परदेशी ग्राहक आहेच कुठे, की तो पळवला जाईल? नव्याने उतरणाऱ्यांनी सगळे माग निर्यातीला लावू नयेत, आगाऊ रक्कम किंवा बँकेची हमी घेतल्याशिवाय माल सोडू नये. पहिले वर्ष शिकण्यातच जाईल. तरीही सुरुवात करावी. दुसऱ्याच्या नावाने विणत आमची एक पिढी संपली. पुढच्या पिढीची गाठ तरी मालेगावच्या नावाने बांधली जावी.