कोशिंब तेवढा वगळा

कोकणात खासगी जंगल तोडीला द्यायचे ठरले की ठेकेदार साग, ऐन, किंजळ वेगळे मोजतो आणि उरलेले सगळे जळाऊ म्हणून उचलतो. त्या उरलेल्यात कोशिंब जातो. जमीनमालकांना एवढेच सांगणे आहे: व्यवहार करा, पण कोशिंबाला आधी खूण करा आणि तो तोडीतून वगळा.

ओळखायला सोपा. फाल्गुनात रान वाळलेले असताना हा लालभडक पालवतो. लांबून फुलल्यासारखा दिसतो, जवळ गेल्यावर कळते की ती कोवळी पाने आहेत. एका देठावर पानांच्या दोन ते चार जोड्या, टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. इंग्रजांनी याला 'सिलोन ओक' म्हटले. पण ओकशी त्याचे काही नाते नाही, हा रिठा-लिचीच्या कुळातला.

लाकूड लालसर, जड, चिवट. गाडीचा आस, घाण्याचे भाग, मुसळ असल्या झिजणाऱ्या कामांना ते वापरत आले. असे लाकूड भट्टीत घालणे निव्वळ करंटेपणा आहे.

पावसाच्या तोंडावर फळे पिकतात. आंबट गर मुले चोखून खातात. बियांचे तेल खरजेला, दुखऱ्या सांध्यांना, केसांना लावतात. एकोणिसाव्या शतकात विलायतेत केसांचे 'मकासर तेल' गाजले, त्याचा संबंधही याच बियांशी जोडला जातो. त्या तेलाने खुर्च्यांच्या पाठी माखू नयेत म्हणून तिथे वर रुमाल घालू लागले; आपल्या सोफ्यांवरचे क्रोशाचे रुमाल त्याच रिवाजातले! मात्र बियांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. हे तेल पोटात घेऊ नका, कुणी औषध म्हणून दिले तरी.

झाड न तोडता पैसा हवा असेल तर झारखंड-छत्तीसगडकडे बघा. तिथे कोशिंबावर लाखेचे किडे वाढवतात, आणि ही 'कुसमी' लाख सगळ्यांत उत्तम मानली जाते. फांद्या छाटायच्या, साधारण दीड वर्षाने नव्या फुटव्यांवर बीजलाखेच्या काड्या बांधायच्या. गोंदिया-गडचिरोलीच्या लोकांना लाख नवी नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी बांधावरचा कोशिंब आधी मोजावा, मग विकायचे बोलावे.

यंदा फळे पडली की ताजे बी गर धुऊन बांधाला टोचा. वाढ मात्र फार सावकाश असते. तेव्हा उभा आहे तो आधी राखा.