तपासणी यंत्रांचा बाजार आणि आपण

मागावरून उतरलेले थान घडी घालण्याआधी उजेडात ताणून पाहतात, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. संगणकातल्या चिपचेही तसेच आहे. आधी सिलिकॉनच्या चकतीवर आणि मग वेष्टनात बसवल्यावर, अशी तिची दोनदा तपासणी होते. त्यासाठी लागणारी महागडी यंत्रे बनवणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

अमेरिकेत 1960 साली टेराडाईन निघाली. तिच्यातून बाहेर पडलेल्यांनी 1976 मध्ये एलटीएक्स काढली. जपानमध्ये 1954 पासूनची ताकेदा रिकेन 1985 मध्ये ॲडव्हान्टेस्ट झाली. मग मोठ्यांनी लहानांना पोटात घेण्याचा सपाटा लावला. 2008 मध्ये एलटीएक्स व क्रिडेन्स एक झाल्या. त्याच वर्षी टेराडाईनने नेक्सटेस्ट आणि ईगल टेस्ट घेतल्या. 2010 मध्ये एलटीएक्स-क्रिडेन्स आणि व्हेरिजी यांचा सौदा ठरला होता. ॲडव्हान्टेस्टने वरचढ बोली लावली आणि 2011 मध्ये व्हेरिजी स्वतःकडे नेली. उरलेली एलटीएक्स-क्रिडेन्स नाव बदलून 2018 मध्ये कोहूकडे गेली. आज या बाजारात मुख्य चढाओढ ॲडव्हान्टेस्ट आणि टेराडाईन या दोघांतच आहे.

असे का झाले? तपासणीचा प्रोग्राम ठराविक यंत्रासाठीच लिहिलेला असतो. यंत्र बदलायचे तर तो पुन्हा लिहावा लागतो, पुन्हा पडताळावा लागतो. त्यामुळे बांधले गेलेले गिऱ्हाईक सहसा हलत नाही. खरी स्पर्धा नवी चिप आखली जाते तेव्हाच होते. त्या वेळी जो हजर नाही, त्याला पुढे स्वस्त भाव देऊनही फारसे काही मिळत नाही.

आमच्या मते दोन विक्रेते ही घेणाऱ्याची शेवटची ढाल आहे. एकच उरला, तर भाव तोच ठरवील आणि दुरुस्तीची तारीखही तोच.

हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. चिपची जोडणी व तपासणी करणाऱ्या कारखान्यांचे काम गुजरातमधील साणंदला 2023 मध्ये, तर आसामातील जागीरोडला 2024 मध्ये सुरू झाले. असे यंत्र बनवणे आपल्या आवाक्यातले नाही, हे खरे. पण त्याला चिप जोडणारे सॉकेट आणि बोर्ड झिजतात, बदलावे लागतात. बारीक कामात तरबेज असलेल्या आपल्या कारागिरांच्या मुलांनी डिप्लोमा किंवा आयटीआय करताना हे काम शिकून घ्यावे. कारखान्याचे पुरवठादार ठरून गेल्यावर दार ठोठावण्यात अर्थ नाही.