व्हाइस, जॅक आणि बाबांचा खांदा

व्हाइस म्हटलं की तुमच्यापैकी निम्म्या पब्लिकला व्हाइस प्रेसिडेंट आठवला असणार. सोमवारची मीटिंग, त्याचा तो चेहरा... सॉरी! आज बोलायचंय ते दुसऱ्या व्हाइसबद्दल. बेंचवर बोल्टनं बसवलेला, लोखंडाचा तुकडा जबड्यात गच्च धरणारा बेंच व्हाइस. गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडे नक्की बघितला असेल. हँडल फिरवा, आतला स्क्रू फिरतो, जबडा मिटतो. सिंपल फंडा.

पण हँडल फिरवणारा खांदाच गेला तर?

माझ्या एका मित्राच्या बाबांचं नेमकं हेच झालं. काका आयुष्यभर फिटर. रिटायर झाल्यावर त्यांनी भोसरीत छोटी शेड घेतली. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. मग उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हलकं काम चालेल, पण जोर आणि झटका नको, अशी डॉक्टरांची ताकीद. हाताखाली एक पोरगा होता, पण काकांना ते पटेना. "दर पाच मिनिटांनी 'अरे आवळ, अरे सोड' करायचं? मग कारागीर कोण गं, तो की मी?" त्यांनी मलाच विचारलं होतं. घरात ठरलं, शेड भाड्यानं द्यायची. भाडेकरूही तयार. काका काहीच बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी आवरून, शेडवर जायचे कपडे घालून पेपर वाचत बसायचे.

मित्र हिंजवडीत सॉफ्टवेअरवाला. त्याला हे बघवेना. "बाबा, हातानं नाही, पायानं आवळता आला तर?"

"अरे, व्हाइस आहे की शिलाई मशीन?"

तर बॉस, इथे एंट्री होते हायड्रॉलिक बॉटल जॅकची. ट्रकवाले चाक बदलताना लावतात ना, तोच बाटलीसारखा जॅक. त्याचं गणित शाळेतल्या पास्कलच्या नियमाचं. समजा, पंपाचा दट्ट्या 10 मिलिमीटरचा आणि वर येणारा दांडा 30 मिलिमीटरचा. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट. दांडीच्या तरफेमुळे तो आणखी 15 पट झाला, तर 20 किलोच्या रेट्याचे कागदावर 2,700 किलो! फुकट काही नाही हं. पंप 18 मिलिमीटर दाबाल तेव्हा दांडा जेमतेम 2 मिलिमीटर सरकेल.

हे तंत्र जुनं आहे. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानं 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. मूळचा तो कुलपांसाठी प्रसिद्ध. प्रेसमध्ये त्याला छळलं ते गळतीनं. दाब वाढला की आपोआप घट्ट बसणारं चामड्याचं सील वापरून हा प्रश्न सुटला. त्याचं श्रेय बहुतेक जण त्याच्या हाताखालच्या हेन्री मॉडस्लेला देतात.

मित्राचं डिझाइन मला जाम आवडलं. जॅक बेंचवर आडवा झोपवायचा, पंपाची बाजू खाली. असं का? तेल ओढणारं तोंड तेलात बुडालेलं राहायला हवं, नाहीतर जॅक हवा ओढतो आणि सगळं ठप्प. पंप खाली आला की त्याची दांडी आपोआप जमिनीकडे लोंबते. बेंचला खाच पाडली, दांडी लांब केली, टोकाला पेडल. पायानं पुढे ढकललं की जॅकचा दांडा मागचा जबडा तुमच्याकडे रेटतो. पुढचा जबडा फिक्स. नेहमीच्या व्हाइसच्या बरोबर उलटं. दोन्ही हात मोकळे! सोडायचं असेल तेव्हा व्हॉल्व्ह हळूच उलटा फिरवायचा. जबडा मागे खेचायला बाइकच्या स्टँडच्या दोन स्प्रिंग.

साहेब आधी 20 टनी जॅक आणणार होते. काकांनी ब्रेक लावला. "बेंचपेक्षा जॅक तगडा आणलास तर आधी बेंच फाटेल." आला 2 टनी. मग वाद झाला जबड्यावरून. जॅक रेटतो खाली, जॉब पकडला जातो वर, त्यामुळे जबडा मागे कलतो. मित्रानं चौकोनी नळीत दुसरी चौकोनी नळी सरकवली होती, पण तिला खेळ फार. काकांनी आतली नळी बदलून लांब करायला लावली, फटीत पट्ट्या बसवल्या. वेल्डिंग मित्राचं, पण प्रत्येक सांध्याला आधी खाच घासून मगच, काका शेजारी उभे राहून. जॅकवर मात्र एक टाकासुद्धा नाही. उष्णतेनं सील जळतं, आत तेल असतं, म्हणजे नसता धोका. तो नुसता खाचेत बसवलाय.

पहिल्या ट्रायलला काकांनी पातळ नळीचा तुकडा लावला. पेडल तीनदा दाबलं आणि नळी पापडासारखी चपटी. मित्र खूश! काका नाहीत. "स्क्रू आवळताना किती झालं ते मनगटाला कळतं. इथं पायाला काय कळणार?" पॉइंट होता. स्क्रूचा आणखी एक गुण म्हणजे एकदा आवळला की तो आपण होऊन सुटत नाही. जॅकची पकड बारीकशा व्हॉल्व्हवर आणि सीलवर टिकलेली. जरा झिरपलं की ढिली. त्यामुळे काकांनी नियम केले. नाजूक जॉबला जबड्यावर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. ग्राइंडर लावण्याआधी पकड हलवून बघायची. जॉब जबड्यात ठेवून चहालासुद्धा जायचं नाही. आणि जुना व्हाइस काढायचा नाही, तो शेजारीच राहणार.

परवा मी शेडवर गेले होते. काका एका जिन्याच्या कठड्याचं जुळवणीचं काम करत होते. डाव्या हातात तुकडा, उजव्या हातात पेन्सिल, पाय पेडलवर. पोरगा पलीकडे कटिंग करत होता, त्याला एकदाही हाक गेली नाही. भाडेकरूचा अॅडव्हान्स परत केलाय. काकू वैतागल्यात, कारण डबा पुन्हा सुरू झाला आणि साहेब जेवायच्या वेळेला फोन उचलत नाहीत.

"काका, मग जमलं की मशीन?" मी विचारलं.

"बरं केलंय. पण पेडल दोन इंच डावीकडे हवं होतं." मित्राचा पुढचा रविवार बुक!