सहा माणसांचं काम

आमच्याकडे चार नातेवाईक जमले आणि चहाचा दुसरा कप झाला, की एक वाक्य हमखास येतं. "जपानी माणूस बघा कसा राबतो! आपले लोकं कामच करत नाहीत बापा." मग एम्प्रेस मिल का बंद पडली याचा निकालही तिथेच लागतो. कामगार आळशी होते, संपलं! परवा पुन्हा हेच झालं. मी तेव्हा गप्प बसलो, म्हणून आता लिहितोय. घरच्या मंडळींनी रागावू नये.

जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव घालून १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस सुरू केली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लँकेशायर जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून होतं, तेव्हा नागपुरात रिंग चात्या लावून बघितल्या गेल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. ओसाकाची मोठी गिरणी १८८३ मध्ये सुरू झाली, तीसुद्धा म्यूलवर. म्हणजे आपण मागे नव्हतो, उलट चार पावलं पुढेच होतो.

आता आकडे बघा. ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९१० च्या सुमाराला अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये सूतगिरणीचा एक कामगार जेवढं काम करी, तेवढ्याला भारतात जवळपास सहा माणसं लागत. आणि जपानमध्ये? तिथेही जवळपास सहाच! तोच आपला कामसू जपानी! पुढच्या पंचवीस वर्षांत मात्र जपान कितीतरी पुढे गेला आणि आपण जवळजवळ तिथेच राहिलो. आता एवढ्या काळात कुणाचं रक्त तर बदलत नाही ना?

गिरणीत सूत काढतं ते यंत्र. माणूस तुटलेला धागा जोडतो, भरलेल्या बॉबिनी काढतो. त्यामुळे माणशी उत्पादन म्हणजे शेवटी एकाच्या वाट्याला किती यंत्रं, एवढाच हिशेब. जपानने निरनिराळे कापूस नीट मिसळले (त्यात आपल्याकडचा कापूसही भरपूर होता), धागा कमी तुटू लागला आणि एकेकीकडे जास्त चात्या देता आल्या. एकेकीकडे म्हणतोय, कारण तिथे बहुतेक मुली होत्या. खेड्यातून यायच्या, गिरणीच्या वसतिगृहात राहायच्या, दोन-तीन वर्षांत परत जायच्या. १९२९ पर्यंत रात्रपाळीही करायच्या. क्षयाने किती गेल्या, ते कामसूपणाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

आपल्याकडे गिरणीत मुख्यतः संसारी पुरुष. एम्प्रेसने १८८६ मध्ये पेन्शन आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड दिला, तोही कायद्याची सक्ती नसताना. माणसं तिथेच म्हातारी झाली, मागे मुलगा लागला. अशा ठिकाणी दोनाऐवजी तीन माग सांभाळ म्हणणं, म्हणजे शेजारच्याला घरी पाठव म्हणणं. मुंबईत १९२८ मध्ये जवळपास दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते, त्यामागे हेच एक मोठं कारण होतं. याला मी आळस म्हणणार नाही. तो शेजारधर्म होता.

पण तो शेजारधर्म फुकट नव्हता, हेही कबूल करायला हवं. सहाच्या सहा टिकवता टिकवता शेवटी एकही उरला नाही. १९८६ मध्ये एम्प्रेस सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. आता तिथे मॉल आहे.

माझं म्हणणं एवढंच, की प्रश्न कामगाराच्या हाडाचा नव्हता, सौद्याचा होता. तिसऱ्या मागाच्या कमाईतलं मजुरीत किती येणार आणि ज्याचा माग गेला त्याचं पुढे काय, हे आधी ठरवून मग काम वाढवायला सांगितलं असतं, तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. तो सौदा मांडणं मालकांच्या आणि पुढे सरकारच्या हातात होतं, साचेवाल्याच्या नाही.

असो. पुढच्या वेळी चहावर ते वाक्य निघालं, की आधी आठवा, आपल्याच घरातले कितीजण एम्प्रेसच्या पगारावर शिकले. त्यांच्या बापाला आळशी म्हणायचं असेल, तर मला दुसरा कप नको.